आधी किक मारू नका

महाड-पोलादपूर पट्ट्यात पन्नाशीकडे झुकलेली मोटारसायकल धावताना दिसली, की तिच्या मालकाला थांबवून दोन शब्द बोलावेसे वाटते. पुण्या-कोल्हापूरकडे अशा गाड्या पुष्कळ. तिकडची हवा कोरडी, सुटे भाग हाताशी, आणि हौसेला संगतही मिळते. इकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लोखंडाची सुटका नाही. पडवीत झाकून ठेवलेल्या गाडीचेही आरे आषाढात तांबूस होतात, श्रावणात त्यांची पूड बोटाला लागते आणि गणपती झाले की मडगार्डचा पत्रा आतल्या बाजूने पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटायला लागतो.

पावसाचे एक वेळ चालवून घेता येते. नदीचे तसे नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला उतरते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असला आणि खाली खाडीला भरती असली, की मधल्या महाडच्या पाण्याला जायला वाट उरत नाही. शहरालगत गांधारीही येऊन मिळते. जुलै २००५ मध्ये हेच झाले; तेव्हा दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला पुन्हा झाले. त्या दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माणसे दरडीखाली सापडली. अशा वेळी मोटारसायकलीचे नाव काढले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते, आणि ते बरोबरच होते.

पण पाणी ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी महाडची बाजारपेठ बाहेर काढायला घेतली, तेव्हा रस्त्यावर फ्रिज, गाद्या, धान्याची पोती आणि दुचाक्या एकाच ढिगात होत्या. दूध घालणारा, औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा, बिरवाडीकडून रोज येणारा, सगळ्यांचे पाय त्या ढिगात अडकलेले. प्रत्येक जण आपली गाडी शोधून, हाताने चिखल पुसून पहिली गोष्ट करायचा ती म्हणजे किक मारून बघायची. आणि नेमके तेच करायचे नसते.

गाडी पाण्याखाली जाते तेव्हा एअर फिल्टर आणि सायलेन्सर या दोन्ही वाटांनी पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. जोरात किक मारली तर पिस्टन वर येऊन पाण्यावर आपटतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकण्याची पाळी येते. हे टळले तरी पाण्याबरोबर आलेला गाळ असतोच. सावित्रीचा गाळ बोटात चोळून पाहा, मऊ लागतो. पण त्यात बारीक रेती असते आणि पिस्टनच्या रिंगा ती सिलिंडरच्या भिंतीवर घासत नेतात. एका किकेत भिंतीवर उभे ओरखडे. म्हणून जाणते मेस्त्री सांगत फिरत होते: प्लग काढा, गाडी उलटी-पालटी करून पाणी गाळा, प्लगच्या भोकातून डिझेल-ऑइल सोडा, तेल आहे तिथले तेल काढून टाका, आणि मग माझ्याकडे आणा. त्या पुरातल्या बहुतेक गाड्या असे केल्यावर आठवड्याभरात रस्त्यावर आल्या. ज्या गाडीची मी गोष्ट सांगतो आहे तिला चार वर्षे लागली.

ही गाडी १९७६ सालची येझदी. मालक एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, घर पोलादपूर तालुक्यात सावित्रीच्या एका ओढ्याकाठी. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. जुलै २०२१ मध्ये गाडी महाडला लेकीच्या घरी तळमजल्यावर उभी होती. पाणी हँडलच्या वर गेले. चिखलातून काढल्यावर आप्पांनी तिला किक मारू दिली नाही. जावयाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. प्लगच्या भोकातून डिझेल ओतले, बोळा कोंबला आणि टेंपोत घालून गावी आणली. मग घर, शेताचा बांध, लेकीचे सामान अशी कामे लागली आणि गाडी गोठ्याच्या बाजूच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. एवढे करून ठेवले म्हणूनच पुढचे सगळे शक्य झाले.

येझदीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आजच्या पंचविशीतल्या वाचकाला ती २०२२ साली नव्याने बाजारात आलेली गाडी वाटते. मूळ गाडी चेक. फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे काम घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ झाली. मुंबईत या गाड्या आयात करून विकणाऱ्या इराणी कुटुंबातल्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ च्या सुमारास तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच घराण्याची गाडी येझदी या नावाने येऊ लागली, १९७८ ला रोडकिंग आली, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. मधल्या काळात काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, एका लिटरमध्ये कुठल्या कुठे जायला लागली, आणि ऑइल मिसळायची कटकटही गेली. पाठोपाठ धुराचे नियम कडक झाले. टू-स्ट्रोकचे दिवस भरले.

पण तोपर्यंत कोकणच्या आतल्या रस्त्यांवर येझदीने नाव काढले होते. अडीचशे सीसीचे ढोबळ इंजिन, दोन सायलेन्सर, तळातून मिळणारी ओढ. चेन पूर्ण बंद पेटीत, त्यामुळे लाल मातीचा राडा चेनला लागत नसे. भातलावणीच्या दिवसांत शेतातल्या वाटेने जाणाऱ्या माणसाला याचे मोल विचारा. किक आणि गिअर एकाच दांडीला: किक मारायची, दांडी पुढे फिरवायची, तीच गिअर झाली. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, म्हणजे क्लचची वायर तुटली तरी माणूस घरी पोहोचतो. हेडलाइटवर खुपसायच्या किल्लीची गंमत तर अशी, की एकाची किल्ली दुसऱ्याला चालायची. पोलादपूरच्या बाजारात त्या काळी गाडी चोरीला जात नसे ती किल्लीमुळे नव्हे, एवढे नक्की.

ही गाडी आप्पांच्या थोरल्या भावाने घेतलेली. ते मुंबईत गोदीत फिटर. बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागायचे, येझदी त्यामानाने लवकर मिळाली. काही वर्षांनी गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी ती गावाला पाठवून दिली. म्हणजे गाडीची पहिली काही वर्षे मुंबईच्या डांबरावर गेली आणि उरलेले आयुष्य कशेडी, आंबेनळी आणि गावच्या पायवाटांवर. पुढे जो वाद झाला त्याचे मूळ इथे आहे.

इंजिन उघडले तो दिवस मी पडवीत होतो. खाली गोणपाट, त्यावर जुने वर्तमानपत्र, अॅल्युमिनियमच्या तीन ताटल्या: एकीत डाव्या बाजूचे नट-बोल्ट, एकीत उजव्या, तिसरीत ‘कुठले ते देव जाणे’. डाव्या बाजूचे झाकण निघाले आणि क्लच व प्रायमरी चेनच्या खाली पिवळट गाळ दिसला. सुकून त्याच्या वड्या पडल्या होत्या. आप्पांनी बोटाने एक उचलून हातावर चुरली, काही बोलले नाहीत, कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. लेकीला दाखवायला असेल.

क्लचचा मधला नट चार वर्षांत जागेवरच धरला होता. यावर घाव घालायचा मोह प्रत्येकाला होतो. आप्पांनी त्यावर डिझेल आणि ब्रेक ऑइल टाकून एक रात्र जाऊ दिली, दुसऱ्या दिवशी स्टोव्हच्या पिनबर्नरने कडेचे लोखंड तापवले, आणि मग पाना लावून एका हाताच्या जोराने सोडवला. “आटे गेले असते तर पुढचा महिना शोधत बसलो असतो,” एवढेच म्हणाले. एसटीच्या आगारात डिझेल इंजिनांशी आयुष्य घालवलेल्या माणसाचा हात आहे हा. त्याला वेळेची घाई नसते, जोराचीही नसते.

सिलिंडर वर उचलला तेव्हा पिस्टन जिथे चार वर्षे थांबला होता तिथे भिंतीवर गंजाची कडी दिसली. डिझेल ओतूनही तेवढी जागा कोरडी राहिली असावी. हाताच्या नखाला ती लागत होती, म्हणजे होनिंगवर भागणार नव्हते. पिस्टनच्या माथ्यावर ५० असा ठसा होता, म्हणजे गाडी आधीच अर्ध्या मिलिमीटरने रीबोअर झालेली. आता पुढचे माप पाऊण. त्यानंतर एक मिलिमीटरचे, आणि मग सिलिंडरला नवी स्लीव्ह. जुन्या गाडीचे आयुष्य असे पाव-पाव मिलिमीटरने मोजतात.

सर्वांत अवघड भाग क्रँकचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या कोठीत येते. पिस्टन खाली उतरताना ते दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर जाते. म्हणजे क्रँकची कोठी हा खरे तर पंप आहे, आणि पंप हवाबंद हवा. कोठीच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरचे तेल ओढून घेते आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. दुसऱ्या बाजूचा गेला तर नुसती हवा ओढते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पकडते. जुन्या टू-स्ट्रोकच्या निम्म्या तक्रारी कार्ब्युरेटरच्या माथी मारल्या जातात आणि त्या असतात या दोन सीलांच्या. आप्पांचे हे मत. मला ते पटते.

बेअरिंगांत गंज होता, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्यात खेळ आला होता. येझदीचा क्रँक दोन चाकांत मधली पिन दाबून बसवलेला असतो. तो सोडवून, नवी पिन-रॉड घालून परत दाबायचा आणि मग लेथच्या दोन टोकांत धरून डायल गेजखाली फिरवायचा. दोन्ही बाजू मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात सरळ यायला हव्यात. हे पडवीत होत नाही. घरच्या घरी गाडी उभी केली असे जे लोक सांगतात त्यांनी क्रँक कुठे दिला ते विचारावे. आप्पांनी तो कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवला. शेतीच्या ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर वाढलेल्या त्या वसाहतीत अजून असे हात आहेत, जे क्रँक कानाशी धरून फिरवतात आणि मगच गेज लावतात.

टाकीचे काम मात्र शंभर टक्के घरचे. आतून ती गंजाने लालभडक झाली होती. विकतची रसायने मिळतात, पण किराणा दुकानातले लिंबूफूल पुरते. टाकीत मूठभर नट आणि पाणी घालून दोघांनी धरून हलवायची. आतला पोपडा सुटतो. ते ओतून टाकायचे. मग कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूफूल विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पाणी चहाच्या रंगाचे होते, तिसऱ्या दिवशी काळपट. आत बॅटरी मारून पाहिली तर राखाडी, स्वच्छ पत्रा दिसतो. आता खरी घाई. उघडा पडलेला पत्रा इकडच्या दमट हवेत अर्ध्या तासात पुन्हा तांबूस व्हायला लागतो. खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून आम्ल मारायचे, साध्या पाण्याने विसळायचे, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवायचे आणि लगेच पेट्रोलमध्ये भरपूर टू-टी ऑइल घालून आत फिरवायचे. आप्पांच्या घरातून आमसुलाचे पाणी वापरून बघा अशी सूचना आली होती, तांब्या-पितळेची भांडी त्यानेच लखलखतात म्हणून. आप्पांनी हेडलाइटच्या पितळी चकतीवर वापरून पाहिले. छान निघाली.

टाकीला आता नवीन शत्रू आहे. पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि इकडच्या हवेत पाण्याला काय तोटा. गाडी महिनाभर उभी राहिली की हे पाणी तळाशी बसून तोच गंज पुन्हा सुरू करते. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. म्हणून आप्पांची पद्धत अशी: कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची, कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यायचा, आणि पावसाळ्यात टाकी एक तर पूर्ण भरलेली ठेवायची, नाही तर पूर्ण रिकामी. अर्धी टाकी वाईट.

वाद कशावरून झाला ते आता. नालासोपाऱ्याला राहणारा आप्पांचा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा, होळीला आला. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली: मागचे मडगार्ड कापलेले, सीट बसकी, एक सायलेन्सर, टाकीवर मॅट काळा रंग.

“काका, एवढा खर्च करताच आहात तर अशी करू. लोक वळून बघतील.”

“आणि गिरणीतनं दळण आणताना डबा कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?”

पुतण्या हसला, पण सोडेना. त्याचे म्हणणे असे, की नाहीतरी ही गाडी मूळची उरलीच कुठे? आणि त्यात तथ्य होते. आप्पांनी चाळीस वर्षांत तिच्यावर काय काय केले होते ते सांगतो. मागे लोखंडी अँगलचे कॅरिअर, भाताची गोण बसेल एवढे. पुढच्या मडगार्डला ट्रकच्या ट्यूबची झालर, राडा इंजिनवर उडू नये म्हणून. लेगगार्डवर पत्रा, त्याच कारणाने. काकूंसाठी साडीगार्ड. आरसे एसटीच्या भंगारातले वाटावेत असे मोठे. कारखान्यातून निघालेल्या येझदीत यातले काहीच नव्हते. मग ती ‘मूळ’ करायची म्हणजे हे सगळे काढून टाकायचे का? तसे केले तर थोरल्या भावाची मुंबईची गाडी मिळेल आणि आप्पांची गाडी जाईल.

माझे मत विचाराल तर, कापाकापीला माझा विरोध आहे. कॅफे रेसर आवडू नये असे नाही. पण त्यासाठी नव्या गाड्या आहेत. १९९६ नंतर एकही जुनी येझदी तयार झालेली नाही, आणि कापलेले मडगार्ड परत वाढत नाही. उलट्या टोकाचे लोकही मला फारसे आवडत नाहीत, जे प्रत्येक नट कारखान्याच्या ठशाचाच हवा म्हणून बसतात, गाडीला आरशाची चकाकी देतात आणि मग पावसाचा थेंब पडेल म्हणून दारातून बाहेर काढत नाहीत. आप्पांचे कॅरिअर ही त्या गाडीने इथे घालवलेल्या वर्षांची नोंद आहे. ते राहावे.

कायदाही इथे बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पुन्हा बोट ठेवले. सांगाडा कापणे, इंजिन बदलणे यात येते. कॅरिअर बोल्टने बसवलेले, काढता येणारे. शेवटी तडजोड झाली. पुतण्याची एक गोष्ट आप्पांनी मान्य केली: सहा व्होल्टची वीज काढून बारा व्होल्टची. आंबेनळीत सप्टेंबरच्या धुक्यात सहा व्होल्टच्या दिव्याने रस्ता दिसत नाही, रस्त्याला दिवा दिसतो एवढेच. इग्निशनचे पॉइंट मात्र आप्पांनी सोडले नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बिघडले तर ते घाटात दुरुस्त होत नाही. पॉइंट पॉलिश पेपरने घासून, फीलर गेज नसेल तर ब्लेडच्या पात्यांनी अंतर धरून गाडी चालू होते.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ. वरंध घाटाने भोरवरून जावे तर पावसाळ्यात तो घाट कधी बंद असेल सांगता येत नाही, म्हणून आप्पा ताम्हिणी किंवा महाबळेश्वर धरतात. नाना पेठेत येझदीचे बहुतेक सगळे मिळते, प्रश्न असतो कशाचे. नव्याने बनवलेल्या भागांत रबरे बरी निघतात, केबली चालतात. पण गिअरचे दात आणि पिस्टनच्या रिंगा यांत फसगत होते. जुना, वापरलेला पण कारखान्याचा दात असलेला गिअर नव्या नकली गिअरपेक्षा बरा, हे दुकानदारच दबक्या आवाजात सांगतो. सायलेन्सर नवे घेतले नाहीत. जुन्यांच्या आतल्या नळ्या काढून जाळल्या, वर्षानुवर्षांचा ऑइलचा काळा थर फुलून पडला, आणि आवाज मोकळा झाला. बाहेरून क्रोम मात्र पुण्याला करावे लागले.

रंग दसऱ्यानंतर. दमट हवेत मारलेला लॅकर वाळताना पाणी धरतो आणि पांढुरका पडतो. पेंटर लोक पावसाळ्यात टाकी हातात घेत नाहीत ते उगाच नाही. खंडेनवमीला पाने, पक्कड, आगारात कमावलेला रिंगपान्यांचा संच आणि डायल गेज पाटावर मांडून झेंडूची फुले वाहिली गेली. कोजागिरीच्या आसपास ऊन तापू लागले तशी लांबी, घासणे, प्रायमर, घासणे, रंग. रंग लाल, थोडा काळपटाकडे झुकणारा. टाकीवरची सोनेरी रेघ मारायला पोलादपूरचे एक म्हातारे पेंटर आले, जे पूर्वी दुकानांच्या आणि ट्रकच्या पाट्या रंगवत. फ्लेक्सने त्यांचे काम गेले त्याला बरीच वर्षे झाली. लांब केसांचा ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, श्वास रोखून एका दमात गळ्यापासून सीटपर्यंत रेघ. पट्टी लावली नाही, चिकटपट्टी लावली नाही. दोन्ही बाजूंच्या रेघांत किंचित फरक आहे. कारखान्यातही हे काम हातानेच व्हायचे.

गाडी सुरू झाली ती एका संध्याकाळी, फार नाटक न करता. एका लिटरला ४० मिली ऑइल, कार्ब्युरेटर बोटाने दाबून पेट्रोल बाहेर येईपर्यंत भरलेला, तिसरी किक. धुराने गोठ्यातल्या म्हशी अस्वस्थ झाल्या.

रीबोअर केलेले इंजिन सुरुवातीला दमाने चालवावे लागते. त्यासाठी कशेडीचा जुना घाट सापडला. मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर पहिल्यांदा हलक्या गाड्यांना खुला झाला, आणि तेव्हापासून जुन्या वळणांवरची वर्दळ बरीच उतरली आहे. ज्या घाटात ट्रकमागे तासन्‌तास अडकून माणसे वैतागायची, तिथे आता येझदी आपल्या आवाजाला स्वतःच साक्षी असते. आप्पांनी गाडी माझ्या हातात दिली तेव्हा चढाचे काही सांगितले नाही. उताराचे सांगितले. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येते. उतारावर अॅक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली, तर चाक इंजिनला फिरवत राहते आणि इंजिनला वंगण मिळत नाही. म्हणून दर थोड्या अंतराने हात पिरगाळून एक घोट द्यायचा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर जवळजवळ पायथ्याशी. मधल्या चाळीसेक किलोमीटरच्या आंबेनळीच्या उताराने हे न जाणणाऱ्या किती टू-स्ट्रोक वाटेत पकडल्या असतील. प्रतापगडाच्या फाट्याच्या खाली रस्त्याकडेला गाडी उभी करून इंजिन निवायची वाट बघणारा माणूस हे एके काळी नेहमीचे दृश्य होते.

राहिले कागद. पूर्वीचे तीन अक्षरी मुंबईचे नोंदणी पुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत होते म्हणून वाचले. ते थोरल्या भावाच्या नावावर, आणि भाऊ वारलेले. म्हणून वारसाच्या नावाचा फॉर्म ३१, इतर वारसांची संमती, मुंबईहून ना-हरकत, मग पेणचे आरटीओ. जुन्या पुस्तकांतल्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसल्या तर आधी ती बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते. या शब्दावर आप्पांनी एक पावसाळा काढला. वर १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता नवी सुरक्षा पाटी सक्तीची, म्हणजे पेंटरबाबांनी प्रेमाने रंगवलेली नंबरप्लेट भिंतीवर जाणार.

पुतण्याने मात्र वेगळाच रस्ता सुचवला. केंद्राने जुलै २०२१ मध्ये, योगायोगाने महाड बुडाले त्याच महिन्यात, विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. येझदीची पन्नाशी २०२६ ला पूर्ण होते. “काका, विंटेज करून घ्या. किंमत कुठल्या कुठे जाईल.”

आप्पांनी नियम नीट वाचून घेतला, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच.

“म्हणजे पोलादपूरच्या बाजाराला न्यायची नाही?”

“नाही.”

“गिरणीत?”

पुतण्या गप्प बसला. आप्पांनी साध्या नूतनीकरणाचा अर्ज भरला, पाच वर्षांसाठी. कॅरिअरला या पावसाळ्यात दोन ठिकाणी पुन्हा गंज आला आहे; तो घासून वर लाल ऑक्साइड मारायचे काम दिवाळीच्या सुट्टीत पुतण्यावर सोपवले आहे.